स्मृतिभ्रंश घरात आला की माणसं कुठून जोडायची?

स्मृतिभ्रंशाचं (डिमेन्शियाचं) निदान झालं की डॉक्टर औषधं लिहून देतात आणि काही महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगतात. मधल्या काळात घरात काय करायचं, हे त्या कागदावर नसतं. रात्री दोन वाजता कपडे बदलून दाराशी उभी राहिलेली आई 'मला घरी जायचंय' म्हणते आणि ती उभी असते स्वतःच्याच घरात. तिला काय सांगायचं? चाळीस वर्षं संसार केलेला नवरा बायकोलाच 'तुम्ही कोण?' असं विचारतो, तेव्हा तिने काय करायचं? याचं उत्तर औषधांच्या दुकानात मिळत नाही. ते बहुतेक वेळा अशा माणसाकडे मिळतं, ज्याने ही रात्र आधी काढलेली असते.

औषधांची मर्यादा आधीच समजून घेतलेली बरी. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही जणांची लक्षणं काही काळ थोडी सौम्य होतात. अलीकडे लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही नवी औषधं आली आहेत. मेंदूत साठणारं अमिलॉइड नावाचं प्रथिन ती काढून टाकतात, पण ती फक्त अल्झायमर्सच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या निवडक रुग्णांसाठी आहेत. त्यांनीही आजार थांबत नाही, त्याचा वेग थोडा कमी होतो. तेव्हा आजाराची बरीचशी वर्षं माणसंच निभावून नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात 5 कोटी 70 लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता, आणि घरचे लोक आणि मित्रमंडळी अशा माणसासाठी रोज सरासरी 5 तास देतात. सरासरीत हलकी आणि जड दोन्ही घरं येतात. आजार पुढे सरकलेल्या घरात 5 तासांचा हिशेब हसण्यावारी नेला जाईल.

या सगळ्यात मला सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे आधार फार उशिरा शोधला जातो. सांभाळणारा पार थकला, आजारी पडला, किंवा त्याचा हात उगारला गेला, की मग फोनाफोनी सुरू होते. तोवर आजारी माणूस नवी जागा आणि नवे चेहरे स्वीकारण्याच्या पलीकडे गेलेला असतो. आधार शोधायची खरी वेळ 'अजून तरी जमतंय' असं वाटतं तीच असते.

निदान नेमकं कशाचं?

हा भाग थोडक्यात उरकतो, पण गाळता येत नाही. प्रत्येक विसरणं म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. बी 12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या, डोक्याला मार लागून कवटीच्या आत साचलेलं रक्त, यांनीही स्मरणशक्ती ढासळते, आणि वेळीच उपचार झाले तर ती बरीच सुधारू शकते. माणूस दोन-चार दिवसांतच अचानक गोंधळला असेल, तर ती तातडीची बाब आहे. वयस्कर माणसाला साधा लघवीचा संसर्गही असा भ्रम आणू शकतो.

स्मृतिभ्रंशच असेल, तर त्याचा प्रकार विचारून घ्या, कारण आधार त्यावर ठरतो. अल्झायमर्सचं प्रमाण सर्वांत जास्त, म्हणजे 60 ते 70 टक्के, असल्यामुळे बहुतेक मदतगट त्याच अनुभवाभोवती बांधलेले असतात. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात स्मरणशक्ती सुरुवातीला बरी असते आणि स्वभाव बदलतो. माणूस चारचौघांत लाज वाटेल असं बोलतो, पैसे उधळतो, कोणाच्या दुःखाने त्याला काही वाटत नाही. हा प्रकार अनेकदा पासष्टीच्या आत गाठतो, म्हणजे घरात शिकणारी मुलं असतात, नोकरी चालू असते. अशा माणसाची बायको ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या विसरण्यावर चाललेल्या गप्पांत बसली, तर तिला आणखीच एकटं वाटतं. लेवी बॉडी प्रकारात नसलेली माणसं आणि जनावरं दिसतात, आणि भास कमी करायला दिलेली काही औषधं घातक ठरू शकतात. म्हणून या घरांनी शक्यतो आपल्याच प्रकाराचा गट शोधावा, मग तो ऑनलाइन असला तरी चालेल.

आधाराने खरंच फरक पडतो का?

'चार लोकांत बसून रडगाणं गाऊन काय होणार?' हा प्रश्न मी अनेकदा ऐकलाय, आणि तो विचारणारा बहुतेकदा सर्वांत थकलेला माणूस असतो. त्याला उत्तर द्यायला मी दोन अभ्यास पुढे करते.

पहिला अमेरिकेतला, 1995 चा. ओहायोतल्या संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या 13 स्त्रिया घेतल्या. साधारण त्यांच्याच वयाच्या आणि परिस्थितीतल्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या आणखी 13 जणी घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर एक छोटीशी, सारख्या मापाची जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सांभाळणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. अभ्यास लहान आहे, पण ताण 'मनात' राहत नाही, तो कातडीपर्यंत पोचतो, हे त्यात दिसतं.

दुसरा अभ्यास न्यूयॉर्क विद्यापीठातला, मेरी मिटलमन यांच्या गटाचा. अल्झायमर्स झालेल्या जोडीदाराला घरी सांभाळणारे 406 नवरे-बायका त्यात होते. अर्ध्या जणांना नेहमीची मदत मिळाली. उरलेल्या अर्ध्यांना समुपदेशकाची दोन वैयक्तिक सत्रं, सगळ्या कुटुंबाला एकत्र बसवून चार सत्रं, त्यानंतर मदतगट, आणि अडेल तेव्हा समुपदेशकाला फोन करायची मुभा मिळाली. याचे निकाल 2006 मध्ये छापून आले. ज्या घरांना हा आधार होता, तिथे आजारी माणसाला कायमच्या देखभालीसाठी निवासी केंद्रात ठेवायची वेळ जवळपास दीड वर्ष पुढे गेली. मधला आकडा 557 दिवसांचा होता. हे कशामुळे झालं, त्याचा शोध घेतल्यावर तीन गोष्टी वर आल्या: मिळणाऱ्या आधाराबद्दलचं समाधान वाढलं, आजारी माणसाच्या वागण्याचा त्रास कमी वाटू लागला, आणि नैराश्य कमी झालं. आजाराचा वेग मात्र कोणीच बदलला नव्हता.

मला यातली कुटुंबाची चार सत्रं फार महत्त्वाची वाटतात. एकट्या सांभाळणाऱ्याला 'स्वतःची काळजी घ्या' असं सांगणं सोपं असतं. त्याच्या भावाबहिणींना समोर बसवून 'आता कोण काय करणार?' असं विचारणं अवघड असतं, आणि फरक तिथे पडतो.

आजारी माणसालाही मित्र हवे असतात

आधार म्हटलं की सगळे सांभाळणाऱ्याचाच विचार करतात. ज्याला आजार झालाय तो जणू सामानासारखा: त्याला कुठे ठेवायचं, कोण बघणार, एवढाच प्रश्न. सुरुवातीच्या टप्प्यातला माणूस सगळं समजत असतो. आपलं काहीतरी निसटतंय हे त्याला आधी कळतं, आणि तो माणसांतून अंग काढून घेऊ लागतो. गप्पांचा वेग झेपत नाही, शब्द सापडत नाही, नाव चुकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं त्याला वाटतं. त्यात येणारा प्रत्येक पाहुणा प्रेमानेच, पण 'मला ओळखलंस का? सांग बरं मी कोण?' अशी तोंडी परीक्षा घेतो. हा प्रश्न घरात येणाऱ्या प्रत्येकाला बंद करायला सांगा. येताच स्वतःचं नाव आणि नातं सांगून बोलायला सुरुवात केली की अर्धं अवघडलेपण जातं.

या माणसांसाठी जगात काही चांगले प्रयोग झाले आहेत. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात 1997 मध्ये बेर मीसेन या मानसशास्त्रज्ञाने पहिला 'अल्झायमर कॅफे' सुरू केला. नवरा-बायको एका खोलीत बसलेत आणि आजाराचं नावही तोंडातून काढत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. कॅफेत दोघांनीही यायचं, काही खायचं-प्यायचं, थोडं संगीत, एखाद्या विषयावर छोटं बोलणं, मग मोकळी चर्चा. तिथे कोणी रुग्ण म्हणून बसत नाही, आणि आजाराचं नाव घ्यायलाही कोणी दबकत नाही. ही कल्पना पुढे 'मेमरी कॅफे' या नावाने अनेक देशांत पसरली. त्याच्या थोडं आधी, 1993 मध्ये, ॲमस्टरडॅममध्ये 'मीटिंग सेंटर' सुरू झालं होतं. तिथे आजारी माणसासाठी आठवड्यातले काही दिवस कार्यक्रम आणि त्याच छताखाली घरच्यांसाठी मार्गदर्शन, अशी जोड होती. ही जोड मला फार शहाणपणाची वाटते, कारण सांभाळणाऱ्याला गटात जायचं असतं तेव्हा 'मग घरी कोण थांबणार?' हा प्रश्नच तिथे उरत नाही.

2014 मध्ये आणखी एक पाऊल पडलं. स्मृतिभ्रंशाचं निदान झालेल्या लोकांनी स्वतःच 'डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल' ही संघटना उभी केली. तिचं सदस्यत्व निदान झालेल्यांसाठी आहे. त्यांचे ऑनलाइन मदतगट चालतात आणि त्यात बोलणारे, ऐकणारे सगळे त्याच वाटेवरचे असतात. 'आमच्याबद्दल बोलताना आम्हाला वगळू नका' हा त्यांचा आग्रह ऐकल्यावर आपण घरात किती वेळा त्या माणसाच्या समोरच त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलतो, ते लक्षात येतं.

तुमच्या जवळपास 'मेमरी कॅफे' असं नाव लावलेलं काही नसेल, तरी अडून बसू नका. गाण्याचा वर्ग, बागकाम, चित्रं काढणं, पत्त्यांचा डाव, सकाळचं फिरणं, काहीही चालतं. संगीताची आठवण आणि हाताला सवयीची झालेली कामं बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतात. मुलाचं नाव न आठवणारी बाई गाण्याची चारही कडवी म्हणते, ते त्यामुळेच. जागा निवडताना एवढं पाहा: माणसं थोडी असावीत, गोंगाट नसावा, दर वेळी तीच जागा आणि तीच वेळ असावी. आणि मेंदूला व्यायाम म्हणून 'आज वार कोणता, काल काय जेवलात' असं विचारत बसणारा वर्ग असेल, तर तिथून हसतमुखाने निघा. जिथे चूक होण्याची सोयच नसते, तिथे ही माणसं फुलतात.

मदतगटात नक्की काय चालतं

बऱ्याच जणांना गटाची धास्ती असते. अनोळखी लोकांपुढे घरातलं कसं बोलायचं? प्रत्यक्षात पहिल्या दिवशी काहीच बोलावं लागत नाही. आठ-दहा जण बसलेले असतात आणि एकजण सूत्र सांभाळतो. कोणी म्हणतं, बाबा आंघोळीला तयारच होत नाहीत. दुसरी सांगते, आमच्याकडे 'आंघोळ' हा शब्दच उच्चारत नाही; पाणी काढते, टॉवेल हातात देते आणि आधी पायांवर पाणी घालते. तिसरा सांगतो, न्हाणीघरातला आरसा झाकला, तेव्हापासून आत 'तो दुसरा माणूस' दिसत नाही. अशा युक्त्या डॉक्टरांच्या दहा मिनिटांत बसत नाहीत.

युक्त्यांपेक्षा मोठी गोष्ट गटात घडते, ती म्हणजे जे कुठेच बोलता येत नाही ते तिथे बोलता येतं. 'कधीकधी वाटतं, आता सुटका व्हावी' हे वाक्य नातेवाइकांत उच्चारलं तर काहूर माजेल. गटात दोन-तीन माना हलतात. अमेरिकेतल्या पॉलिन बॉस या अभ्यासक याला संदिग्ध वियोग म्हणतात: माणूस समोर आहे, श्वास घेतोय, जेवतोय, पण ज्याच्याशी आपलं नातं होतं तो उरलेला नाही. गेलेल्या माणसासाठी समाज रडू देतो, भेटायला येतो. असलेल्या माणसासाठी रडायची परवानगी कोणी देत नाही. मग त्या दुःखाची चिडचिड होते, चिडचिडीमागून अपराधी वाटतं, आणि हे रहाटगाडगं चालू राहतं.

गट मात्र पारखून घ्यावा. चांगल्या गटात ऐकलेलं बाहेर जात नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. कोणी एकजण सगळा वेळ खात नाही. आजाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरची घरं असली तर शिकायला मिळतं, पण निदान नुकतंच झालं असेल तर शेवटच्या टप्प्याच्या गोष्टी ऐकून पोटात गोळा येतो. सुरुवातीच्या टप्प्याचा वेगळा गट आहे का, ते विचारा. जिथे कोणी तेल, चूर्ण, यंत्र किंवा 'हमखास गुण' विकतंय, तिथून उठा. जिथे 'तुम्ही लक्ष दिलं नाही म्हणून वाढलं' असं ऐकू येतं, तिथूनही उठा. व्हॉट्सॲपवरचे गट रात्री तीन वाजताही जागे असतात ही त्यांची मोठी ताकद आहे, पण औषधाचा डोस बदलायचा सल्ला तिथून कधीच घेऊ नये. आजारी माणसाचे, त्याच्या नकळत काढलेले व्हिडिओही तिथे टाकू नयेत.

एक गट जुळला नाही तर दुसरा पाहा. आणि गट हा प्रकारच मानवत नसेल, तर तेही ठीक आहे. लंडनमध्ये गिल लिव्हिंगस्टन यांच्या गटाने 'स्टार्ट' नावाचा कार्यक्रम तयार केला. त्यात सांभाळणाऱ्याला एकट्याला आठ सत्रं मिळतात: त्रासदायक वागण्यामागचं कारण कसं शोधायचं, स्वतःच्या डोक्यातले विचार कसे आवरायचे, मदत कशी मागायची, पुढची तयारी कशी करायची. ही सत्रं घेणारे अनुभवी मनोविकारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले मानसशास्त्राचे पदवीधर होते. तरीही दोन वर्षांनंतर त्या लोकांमध्ये नैराश्य लक्षणीय कमी आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेचा 'आयसपोर्ट' हा कार्यक्रम याच धर्तीवर, घरबसल्या स्वतःच्या गतीने शिकण्यासाठी आहे. बाहेर पडताच येत नाही अशांना त्याचा उपयोग होतो.

शोध कुठून सुरू करायचा

'अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल' ही 1984 मध्ये स्थापन झालेली जागतिक संघटना आहे आणि शंभराहून जास्त देशांतल्या अल्झायमर्स संस्था तिच्या सदस्य आहेत. तिच्या संकेतस्थळावर देशानुसार संस्था सापडतात. आपल्या देशातल्या संस्थेला फोन करणं हे पहिलं काम. दुसरं ठिकाण म्हणजे निदान केलेला दवाखाना. डॉक्टरांकडे वेळ नसतो, पण मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतो, आणि त्याच्याकडे बरीच माहिती असते. त्याला भेटायचंय असं स्पष्ट सांगा. आपणहून कोणी त्याच्याकडे पाठवेलच असं नाही. ज्येष्ठ नागरिकांचे संघ, वाचनालयं, प्रार्थनास्थळं, फिजिओथेरपिस्ट, घरी येणाऱ्या परिचारिका, या सगळ्यांना आसपासची अशी घरं माहीत असतात.

फोनवर 'आम्हाला मदत हवी आहे' एवढंच म्हटलं तर पलीकडचा माणूसही गोंधळतो. आजाराचा प्रकार, माणसाचं वय, तो स्वतःचं काय काय करू शकतो, घरात कोण कोण आहे, आणि सध्या सर्वांत जड जाणारी एक गोष्ट, एवढं सांगा. मग विचारा: गट कधी भेटतो, आजारी माणसाला बरोबर आणता येतं का, आमच्यासारखी घरं तिथे आहेत का, आणि तुमच्याकडे नसेल तर कोणाकडे असेल? शेवटचा प्रश्न विसरू नका. बऱ्याचदा खरा पत्ता त्याच्या उत्तरात मिळतो.

नातेवाईक आणि शेजारी

संस्था महिन्यातून एक-दोनदा उपयोगी पडते, रोजच्याला लागतात ती जवळची माणसं. आणि इथेच सगळ्यात जास्त बिनसतं. 'काही लागलं तर सांग हं' हे वाक्य म्हणणारा मनापासून म्हणतो, पण काय सांगायचं हे त्याला कळत नाही आणि आपल्याला सुचत नाही. त्यावर उपाय एकच: कामाचे तुकडे करून ठेवायचे. कोणी म्हणालं की लगेच हातात एक तुकडा द्यायचा. 'दर मंगळवारी चार ते सहा बाबांबरोबर फिरायला जाशील?' 'औषधं आणायचं काम तुझ्याकडे दिलं तर?' ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि शेवट माहीत असलेलं काम असलं की लोक सहज हो म्हणतात. परगावी राहणाऱ्या भावालाही काम असतं: विम्याची कागदपत्रं, बिलं, डॉक्टरांच्या वेळा घेणं, रोज संध्याकाळी सात वाजता आईला व्हिडिओ कॉल. संध्याकाळी अनेकांची अस्वस्थता वाढते, तेव्हा तो अर्धा तास सांभाळणाऱ्याला मोकळा मिळतो.

आता त्या प्रसिद्ध भांडणाबद्दल. वर्षातून दोन दिवस येणारी बहीण जाताना म्हणते, 'मला तर बाबा अगदी व्यवस्थित वाटले. तूच उगाच बाऊ करतेस.' ती खोटं बोलत नसते. स्मृतिभ्रंशाची बरीच माणसं पाहुण्यांसमोर सगळी शक्ती एकवटून नीट वागतात, जुने विनोद करतात, हालहवाल विचारतात. पाहुणे गेले की ती शक्ती संपते आणि रात्र सांभाळणाऱ्याच्या वाट्याला येते. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. बहिणीला सलग चार दिवस घर सांभाळायला द्या आणि तुम्ही घराबाहेर राहा. ते शक्य नसेल तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला तिला बरोबर न्या. तेच बोलणं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं.

शेजाऱ्यांना सांगावं की नाही, यावर घरोघरी वाद होतात. माझं मत सांगावं असं आहे, पण आधी आजारी माणसाला विचारावं. तो समजण्याच्या स्थितीत असेल तर कोणाला, किती आणि कोणत्या शब्दांत सांगायचं हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. सांगताना आजाराचं भाषण नको. 'यांना मेंदूचा आजार आहे, वाट चुकू शकते. एकटे दिसले तर हळू बोलून बरोबर चाला आणि मला फोन करा' एवढं पुरतं. माणूस घराबाहेर पडून हरवला तर पहिल्या अर्ध्या तासात पोलिसांपेक्षा शेजारीच उपयोगी येतात. खिशात फोन नंबर असलेलं कार्ड आणि घरात अलीकडचा फोटो तयार ठेवा.

याच विचाराचं मोठं रूप जपानने करून दाखवलं. 2005 पासून तिथे सामान्य लोकांना साधारण दीड तासाचं प्रशिक्षण दिलं जातं. बँकेतले कर्मचारी, बसचालक, शाळकरी मुलंही त्यात असतात. स्मृतिभ्रंश म्हणजे काय आणि गोंधळलेल्या माणसाशी कसं वागायचं, एवढंच त्यात शिकवतात. प्रशिक्षण घेतलेल्यांची ओळख म्हणजे नारिंगी रंगाचं मनगटी कडं. अशा लोकांची संख्या एक कोटीच्या कितीतरी पुढे गेली आहे. ब्रिटनमध्ये 2013 पासून सुरू झालेली 'डिमेन्शिया फ्रेंड्स' मोहीम यावरूनच निघाली. इतकं मोठं काही उभं राहायची वाट न बघता, आपल्या इमारतीतल्या पहारेकऱ्याला आणि रोजच्या रिक्षावाल्याला आपण हे पाच मिनिटांत शिकवू शकतो.

विसावा घेण्याबद्दल

सांभाळणाऱ्याला काही तास किंवा काही दिवस सुट्टी मिळावी म्हणून तीन प्रकारची सोय असते: कोणीतरी घरी येऊन थांबणं, दिवसभराचं देखभाल केंद्र, आणि काही दिवसांचा निवास. पहिल्या दिवशी बहुतेक आजारी माणसं 'मला नको' म्हणतात, आणि बहुतेक घरं तिथेच माघार घेतात. नव्या जागेची सवय व्हायला काही आठवडे लागतात, हे गृहीत धरा. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्हीही थांबा, तासाभराने दोघं परत या, मग वेळ वाढवत न्या. निरोप लांबवू नका. मदतनीस घरी येणार असेल, तर 'तुला सांभाळायला बाई ठेवली आहे' असं सांगणं कोणाच्याही जिवावर येईल. 'मला घरकामात हाताखाली कोणी हवं होतं' हे खरंही आहे आणि पचायला सोपंही.

मिळालेले तास धुणं, बँक आणि साफसफाईत घालवणारे पुष्कळ आहेत. कामं संपत नाहीत, हे कबूल. तरी आठवड्यातली एक सुट्टी झोपेसाठी किंवा मैत्रिणीसाठी राखून ठेवा. तेवढंही जमत नसेल, तर अजून एका माणसाची गरज आहे असा त्याचा अर्थ घ्या.

सांभाळणाराच एकदम आजारी पडला तर? याची तयारी फार थोडी घरं करतात. एका कागदावर लिहून ठेवा: औषधं आणि वेळा, डॉक्टरांचा नंबर, काय खातात, कशाने घाबरतात, कशाने शांत होतात, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, आणि पहिल्या रात्री कोण येऊन थांबणार. त्या माणसाला आधी विचारून ठेवा आणि किल्ली देऊन ठेवा.

टप्पे बदलतात, तसा आधारही

सुरुवातीला गरज असते ती माहितीची, कागदपत्रांची आणि माणसाच्या इच्छा त्याच्याच तोंडून विचारून घेण्याची: पैशांचे व्यवहार कोणी बघायचे, पुढे कुठे राहायला आवडेल, शेवटच्या आजारपणात किती उपचार हवेत. हे संभाषण पुढे ढकललं की ते कायमचं हुकतं. मधल्या टप्प्यात हात लागतात, म्हणून देखभाल केंद्र, मदतनीस आणि विसावा. शेवटच्या टप्प्यात माणूस गिळायचं विसरतो, अंथरुणाला खिळतो. तिथे उपशामक उपचार, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्रास आणि वेदना कमी करणारे उपचार, करणाऱ्या पथकाची मदत घ्यावी. ती फक्त कर्करोगासाठी असते हा समज चुकीचा आहे.

आणि माणूस गेल्यावर? सांभाळणाऱ्याचा सगळा दिनक्रम एका दिवसात संपतो. गटाचं कारणही संपलं असं समजून बरेच जण यायचे थांबतात, आणि ज्या काळात बोलायला कोणीतरी हवं असतं नेमका तोच एकट्याने काढतात. काही गट अशांना मुद्दाम थांबवून घेतात, काही ठिकाणी त्यांच्यासाठी वेगळी बैठक असते. त्यातले काही जण पुढे सूत्रसंचालन करू लागतात, नव्या घरांचे फोन घेतात. पूर्ण वाट चालून आलेली ही माणसं घाबरवत नाहीत आणि खोटा धीरही देत नाहीत. गटात पहिल्यांदा जाल तेव्हा असं कोणी आहे का ते विचारा, आणि बैठक संपल्यावर त्यांचा नंबर मागून घ्या.